मिडवाइफ बाळंतपणात नेमकं काय करते?

मुंबईत दिवस गेल्याचं कळलं की घरात पहिला प्रश्न असतो, नाव कुठे घालायचं? घराजवळच्या महापालिकेच्या प्रसूतिगृहात, परळला वाडियात किंवा केईएमला, सायनला, की नाक्यावरच्या खासगी नर्सिंग होममध्ये? डॉक्टर कोण, खर्च किती, उठसूट सिझर करत नाहीत ना, एवढी चौकशी होते. कळा सुरू झाल्यावर आठ-दहा तास बाईच्या खाटेजवळ कोण असणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. डॉक्टर राउंडला येतात, अडचण आली की धावत येतात. मधल्या तासांत पोटावर हात ठेवून कळा मोजणारी, बाळाचे ठोके ऐकणारी, पाणी पाजणारी आणि काही बिघडतंय हे सगळ्यात आधी ओळखणारी व्यक्ती वेगळी असते. ती मिडवाइफ.

सरकारी कागदांवर तिला ‘प्रसाविका’ म्हणतात, वॉर्डात सगळ्याच ‘सिस्टर’. पण सगळ्या सिस्टरांचं शिक्षण सारखं नसतं. एएनएम म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसाविका, तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यात प्रसूतिशास्त्र हा एक भाग. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि नर्सिंग झालेल्या अनुभवी परिचारिकांसाठी १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण ठरवलं. ते पूर्ण करणाऱ्या परिचारिकेला ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ म्हणतात. गुंतागुंत नसलेलं बाळंतपण तिने स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळायचं आणि गरज पडताच डॉक्टरांना बोलवायचं, अशी ही योजना आहे.

जुनी सुईण आणि ही मिडवाइफ एक नव्हेत. सुईणीच्या हातात अनुभव होता, माया होती. पण तिच्याकडे रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन नव्हतं, न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायची पिशवी नव्हती आणि मागे ऑपरेशन थिएटर नव्हतं. हल्ली शहरात ‘डुला’ही भेटतात. त्या धीर देतात, पाठ चोळतात, पण वैद्यकीय तपासणी करणं हे त्यांचं काम नाही.

मिडवाइफ ही डॉक्टरला स्वस्तातला पर्याय आहे असं अनेकांना वाटतं. ते चूक आहे. डॉक्टरांचं शिक्षण मुख्यतः बिघाड दुरुस्त करण्याचं असतं. सुरळीत चाललेलं बाळंतपण सुरळीत राहील असं बघणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि त्याला बाईजवळ सलग वेळ द्यावा लागतो. ८८ कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी संशोधकांनी हिशेब मांडला होता. प्रशिक्षित मिडवाइफची सेवा सगळ्यांपर्यंत पोहोचली, तर सुमारे ६७ टक्के मातामृत्यू आणि ६४ टक्के नवजात मृत्यू टळू शकतात, असा तो हिशेब. दुसरीकडे आपली परिस्थिती बघा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, खासगीत ४७.४ टक्के. दोन्हीकडे येणाऱ्या बायकांच्या शरीरात काही एवढा फरक नसतो.

पोटावरचा हात काय शोधतो

नऊ महिन्यांतल्या तपासण्यांपैकी सोनोग्राफीला घरचे सगळे हौसेने येतात. हाताने केलेली पोटाची तपासणी मात्र दोन मिनिटांत उरकली तरी कुणाला खटकत नाही. ती नीट केली तर किती कळतं ते सांगतो.

आधी बाईने लघवीला जाऊन यायचं. मूत्राशय भरलेलं असेल तर गर्भाशय वर ढकललं जातं आणि माप चुकतं. मग पाठीवर, किंचित कुशीला कलून, गुडघे दुमडून झोपायचं. तपासणाऱ्या सिस्टरने हात चोळून गरम केलेले असावेत, कारण गार हाताने पोट आक्रसतं. पहिल्यांदा दोन्ही तळवे गर्भाशयाच्या वरच्या टोकाशी. तिथे मऊ, पसरट लागलं तर बाळाचा कुल्ला. कडक, गोल, टिचकी मारल्यावर चेंडूसारखं हलणारं लागलं तर डोकं वर आहे, म्हणजे मूल पायाळू. मग हात दोन्ही बाजूंना. एका बाजूला फळीसारखं सलग लागतं ती बाळाची पाठ, दुसऱ्या बाजूला उंचसखल लागतात ते हातपाय. शेवटी हात खाली, जघनाच्या (ओटीपोटाखालच्या) हाडाच्या वर. इथे डोक्याचा किती भाग हाताला लागतो ते बोटांत मोजतात. पाच बोटं लागलं तर डोकं अजून वर मोकळं आहे, दोन किंवा त्याहून कमी लागलं तर ते कटिभागात बसलं.

पाठ जिकडे, तिकडे ठोके स्पष्ट ऐकू येतात. ते पूर्ण एक मिनिट मोजायचे, मिनिटाला ११० ते १६० हवेत. त्याच वेळी आईच्या मनगटाची नाडीही बघायची. नाहीतर आईचेच ठोके बाळाचे समजून मोजले जातात, आणि ही चूक खरोखर होते.

चोविसाव्या आठवड्यापासून टेपने उंचीही मोजतात, जघनाच्या हाडापासून गर्भाशयाच्या टोकापर्यंत. सेंटिमीटर आणि आठवडे साधारण जुळतात, तिसाव्या आठवड्याला तीसच्या आसपास. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरकाने कमी भरलं तर बाळ वाढत नाहीये किंवा पाणी कमी आहे का ते बघावं लागतं. जास्त भरलं तर जुळं, साखर, जादा पाणी, किंवा तारीखच चुकलेली. एका मापापेक्षा दर वेळचं माप आधीच्या मापाशी ताडून बघणं महत्त्वाचं, म्हणून शक्यतो तेच हात, तोच टेप. मिडवाइफरीत ‘एकच ओळखीची व्यक्ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत’ यावर एवढा भर असतो त्याचं हे एक साधं कारण.

छत्तिसाव्या आठवड्यालाही मूल पायाळू किंवा आडवं असेल तर डॉक्टरांकडे जायचंच. काही वेळा पोटावरून हलक्या हाताने बाळ फिरवता येतं. ते डॉक्टर रुग्णालयात, ठोक्यांवर लक्ष ठेवून करतात. घरी तेल लावून कुणाकडून पोट ‘सरळ करून’ घेऊ नका. वार (प्लॅसेंटा) सुटून आत रक्तस्राव होऊ शकतो.

आपल्याकडे किमान चार तपासण्या सांगितल्या आहेत, पहिली बारा आठवड्यांच्या आत. जागतिक आरोग्य संघटना आठ सांगते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर मोफत तपासणी असते. रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ-बी, लघवीतली प्रथिनं, ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर (१४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह), ही यादी ठरलेली आहे. त्याशिवाय रक्तदाब आणि लोहाच्या गोळ्या यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

गर्दीच्या लोकलमधून उतरून, जिने चढून आलेल्या बाईचा दाब लगेच घेतला तर तो जास्तच येणार. पाच मिनिटं बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. १४०/९० किंवा वर आला तर थोड्या वेळाने पुन्हा. दाबासोबत डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं, अचानक चेहरा सुजणं यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. पुढची पायरी झटक्यांची (फिट येण्याची) असते.

लोहाची गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) चौथ्या महिन्यापासून रोज, किमान १८० दिवस. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन अकराच्या वर जात नाही अशा बायका भरपूर असतात, आणि बऱ्याचदा कारण चहा असतो. गोळीच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नको, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर लोहाची कधीच नको, कॅल्शियम लोहाला अडवतं. कॅल्शियम सकाळी आणि दुपारी जेवणाबरोबर, लोह रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर, ही विभागणी बहुतेकींना जमते. शौचाला काळं होतं, घाबरू नये. मळमळ फार झाली तर गोळी बंद न करता वेळ बदलून बघावी आणि सिस्टरला सांगावं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. लालबागची मुलगी कळवा-डोंबिवलीला दिली असेल तर प्रश्न नाही, पण रत्नागिरी-साताऱ्याला जायचं असेल तर बत्तिसाव्या-चौतिसाव्या आठवड्यापर्यंत पोहोचावं आणि तिथे लगेच नाव घालावं. माता व बाल संरक्षण कार्ड आणि सगळे मूळ रिपोर्ट बरोबर हवेत, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. प्रसूतीची तारीख तिच्यावरून ठरते. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीने वेगळी तारीख दाखवली म्हणून ती बदलायची नसते. अशी तारीख बदलल्यामुळे ‘दिवस उलटले’ समजून बाळ लवकर काढलं जातं.

घरून कधी निघायचं

पहिलटकरणीच्या कळा दर पाच मिनिटांनी, प्रत्येकी मिनिटभर, अशा तासभर टिकल्या की निघावं. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर एवढी वाट बघू नये. बदलत्या अंतराने येणाऱ्या, चालल्यावर किंवा अंघोळ केल्यावर विरणाऱ्या कळा खोट्या. पावसाळ्यात, मोठ्या भरतीच्या दिवशी हिंदमाता-सायनकडे जायचं असेल तर पाणी भरायच्या आत घर सोडा. १०८ नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

पाणमोट फुटली तर घड्याळ बघा आणि रंग बघा. स्वच्छ किंवा फिकट पाणी ठीक, कळा नसल्या तरी रुग्णालयात जायचं. हिरवट असेल तर बाळाने पोटात शी केली आहे, लगेच निघा. पाण्याबरोबर नाळेचा वेटोळा हाताला लागला तर बाईने गुडघे आणि छाती टेकून, कुल्ले वर करून ओणवं राहायचं, नाळेला हात लावायचा नाही, आणि तशाच अवस्थेत रुग्णवाहिका. रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, ताप, झटका यांत वाट बघणं नाही.

लेबर रूमचे तास

लेबर रूममध्ये सगळ्यांचं लक्ष एका आकड्यावर असतं, गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं. पूर्ण म्हणजे १० सेंटिमीटर. पूर्वी चार सेंटिमीटरपासून खरी प्रसूती धरायचे आणि तासाला एक सेंटिमीटर या वेगाची अपेक्षा करायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुरुवात पाच सेंटिमीटरपासून धरायला सांगितली, आणि तासाला एक हा वेग बऱ्याच निरोगी बायकांना लागू होत नाही हेही स्पष्ट केलं. पाचच्या आधीचा काळ दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त चालतो. त्याची मर्यादा ठरलेली नाही. गडबड नेमकी इथेच होते. दोन-तीन सेंटिमीटरवर दाखल करून घेतात, बाई खाटेवर आडवी, पोटात काही नाही, चार तासांनी ‘प्रगती नाही’, मग कळांचं सलाइन, मग ठोके कमी, मग सिझर. यातली प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला बोलावते.

मिडवाइफ या काळात बाईला चालायला लावते. उभं राहिल्याने, ओणवून भिंतीला टेकल्याने बाळाचं डोकं वजनाने खाली सरकतं. पेज, चहा-बिस्किट, सरबत, जे सोसेल ते थोडं थोडं देते, कारण गर्भाशय हा स्नायू आहे आणि स्नायूला इंधन लागतं. दर दोन तासांनी लघवीला पाठवते. दर अर्ध्या तासाने ठोके, कळ ओसरत असताना आणि ओसरल्यावर, पूर्ण मिनिटभर. दहा मिनिटांत किती कळा आल्या हे यंत्राने नाही, पोटावर हात ठेवून मोजते. आतली तपासणी चार तासांनी एकदा पुरते. दर तासाला वेगवेगळ्या लोकांनी तपासलं तर फक्त जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

कळांचं सलाइन म्हणजे ऑक्सिटोसिन. योग्य कारणासाठी, थेंब मोजून दिलं तर उपयोगी. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येऊ लागल्या तर दोन कळांमध्ये बाळाला प्राणवायू मिळायला वेळच उरत नाही आणि ठोके पडतात. तेव्हा सलाइन बंद, बाई डाव्या कुशीवर, डॉक्टरांना हाक, याच क्रमाने.

तोंड पूर्ण उघडल्यावर ‘जोर लाव, जोर लाव’ असा ओरडा सुरू होतो. जोर तिला आतून येऊ द्यावा. पहिलटकरणीला यात तीन तासांपर्यंत, पुढच्या वेळी दोन तासांपर्यंत लागू शकतात, दर पाच मिनिटांनी ठोके नीट असले तर घाई नको. पाठीवर झोपून पाय वर बांधणं ही एकच पद्धत नाही. कुशीवर, उकिडवं, हातापायांवर ओणवूनही बाळंतपण होतं. पोटावर वरून दाब देऊन बाळ ढकलणं मात्र पूर्ण चुकीचं. बरगडी मोडू शकते, गर्भाशय फाटू शकतं.

डोकं दिसू लागलं की कोमट पाण्यात पिळलेलं फडकं खालच्या भागावर धरतात, त्वचा सैल होते. एका हाताने डोकं फार झपाट्याने बाहेर येऊ देत नाहीत आणि बाईला सांगतात, आता जोर नको, फुंकर घाल. या दोन-तीन कळांतल्या संयमाने टाके वाचतात. प्रत्येकीला कात्री लावायची गरज नसते. डोकं आलं आणि खांदा अडकला तर डोकं ओढायचं नाही. दोन्ही गुडघे पोटाशी घट्ट दुमडायचे, दुसरीने जघनाच्या हाडाच्या लगेच वर तळव्याने दाबायचं. बहुतेक वेळा खांदा तेवढ्याने सुटतो.

बाळ आलं, काम संपलं नाही

बाळ आल्यावर खोलीतलं सगळं लक्ष त्याच्याकडे जातं. आईसाठी सगळ्यात धोक्याची वेळ तीच असते. मातामृत्यूंमागे अतिरक्तस्राव हे मोठं कारण आहे, आणि तो बहुधा पहिल्या दोन तासांत होतो.

बाळ थेट आईच्या पोटावर, कोरड्या फडक्याने पुसून. रडलं नाही तर पाठ चोळायची, तरी श्वास नसेल तर पहिल्या मिनिटातच मास्क-पिशवीने श्वास द्यायला सुरुवात. आत दुसरं बाळ नाही ना, हे पोटावर हात ठेवून बघायचं आणि मिनिटाच्या आत आईच्या मांडीत, रक्तस्राव रोखण्यासाठी, १० युनिट ऑक्सिटोसिन. हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मुंबईच्या उकाड्यात ट्रेवर दिवसभर पडलेली कुपी टोचली, तर टोचल्याची नोंद होते आणि औषध काम करत नाही. नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापायची, तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाला मिळतं.

वार पडली की तिची तपासणी. ही दोन मिनिटं फार मोलाची. साधारण अर्धा किलोची, ताटलीएवढी, एका बाजूने गुळगुळीत चकचकीत, दुसऱ्या बाजूने गडद लाल, फुगीर कप्प्यांची. ती दोन्ही तळव्यांवर पसरून कप्पे एकमेकांना जुळतात का ते बघतात. एखाद्या ठिकाणी खळगा दिसला तर तो तुकडा आत राहिलाय, आणि तो आहे तोवर गर्भाशय आवळणार नाही, रक्त जात राहील. पडदे पूर्ण आहेत का, नाळेत दोन धमन्या आणि एक शीर आहे का, हेही बघतात. अर्ध्या तासात वार पडली नाही तर डॉक्टर.

मग दोन तास, दर पंधरा मिनिटांनी, बेंबीखाली हात. गर्भाशय नारळासारखं गोल, कडक लागायला हवं. पिठाच्या गोळ्यासारखं मऊ लागलं तर चोळून आवळायला लावायचं आणि आधी लघवी करवायची, कारण भरलेलं मूत्राशय त्याला आवळू देत नाही. रक्त किती गेलं याचा नजरेचा अंदाज नेहमी कमी निघतो. म्हणून हल्ली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी खाली लावतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतल्या चार देशांच्या अभ्यासात, अशी पिशवी लावून मोजणं आणि चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाइन, तपासणी हे सगळं एकामागून एक न करता एकदम सुरू करणं, यामुळे गंभीर रक्तस्राव आणि त्यामुळे होणारी ऑपरेशनं व मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी कमी झाले. नवं यंत्र काही नव्हतं, फक्त मोजणं आणि वेळ न घालवणं.

पहिल्या तासात बाळ छातीशी. पिवळसर चीक थोडाच येतो, बाळाचं पोटही एवढंसंच असतं. मध, गुटी, साखरपाणी काही नको. पहिली अंघोळ किमान चोवीस तासांनी.

घरी आल्यावर शेक-शेगडीची हौस असते. चाळीतल्या दहा बाय दहाच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे विषारी वायू, ती नकोच. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जुनी समजूतही सोडा, तिला एरवीपेक्षा जास्त पाणी लागतं. तासाभरात पॅड भिजणं, ताप, वास येणारा स्राव, एका पोटरीला सूज आणि दुखणं, धाप, डोकं ठणकणं यांसाठी रात्र असली तरी परत जायचं. दोन आठवड्यांनंतरही रडू येत असेल, बाळाबद्दल काही वाटत नसेल, तर तोही आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

आधी सिझर झालेलं, जुळं, वार खाली असलेली, दाब, हृदयविकार, हिमोग्लोबिन सातच्या खाली, अशा बायकांचं बाळंतपण डॉक्टरांच्याच देखरेखीखाली, ऑपरेशन आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात व्हायला हवं. तिथेही मिडवाइफ असतेच, फक्त निर्णय डॉक्टरांचा.

नाव घालतानाच चार गोष्टी विचारून घ्या. रात्रपाळीला लेबर रूममध्ये किती खाटांमागे एक सिस्टर असते, कळांमध्ये चालू-फिरू देतात का, रक्त लागलं तर कुठून येतं, आणि सोबत कुणाला आत राहता येतं. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला बाई ठेवायची मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्ये दिली आहे. शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली आई, सासू, जाऊ, बहीण. तिचं नाव आठव्या महिन्यातच केसपेपरवर लिहून घ्या, म्हणजे रात्री दोन वाजता दारावर वाद घालायची वेळ येणार नाही.